तांब्याचा 1911: एका ‘ट्रायल’ रुपयाची चौकशी

खानापूर तालुक्यात, नंदगडपासून थोडं आत, तिघा भावांची वाटणी चौदा महिने अडून होती. शेत वाटून झालं, काजूची झाडं मोजून झाली, घराची मधली भिंत कुठून घालायची तेही ठरलं. अडलं ते एका नाण्यापाशी. नाणं तांब्याचं, रुपयाएवढं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला 1911 साल. थोरल्यांचं म्हणणं, हे टांकसाळीतलं चाचणीचं नाणं, जगात एकच. मधल्यांनी त्याची किंमत नऊ लाख लावली होती. नऊ लाखांची वस्तू कापून तीन वाटे होत नाहीत. एकाने घ्यायची तर बाकीच्या दोघांना तीन-तीन लाख द्यायचे कुठून? त्यामुळे वाटणीपत्राचा कन्नड मसुदा वकिलांच्या फायलीत तसाच पडून होता.

प्रकरण माझ्याकडे आलं धाकट्यामुळे. तो बेळगावात नोकरी करतो आणि शाळेत माझ्या वर्गात होता. शहापुरात राहून मी तीस वर्षं नाणी जमवतोय, हे त्याला ठाऊक. नाणी जमवणारा माणूस नाणी ओळखतोच, असा लोकांचा समज असतो. तो किती खरा, ते पुढे येईलच.

माझी चूक आधी सांगून टाकतो, कारण प्रकरण चिघळायला तीही कारण झाली. धाकट्याने मोबाइलवर दोन फोटो पाठवले. मी शाळेच्या एका कार्यक्रमात होतो. घाईत बघितले आणि उत्तर लिहिलं: ‘असू शकेल. प्रत्यक्ष बघायला हवं.’ घरात पहिले दोन शब्द वाचले गेले, पुढचे तीन कुणी वाचले नाहीत. आठवड्याभरात त्याचं ‘बेळगावच्या सरांनी खरं म्हटलंय’ झालं. तोवर नाण्याची किंमत पाच लाख होती म्हणे. माझ्या दोन शब्दांनी ती चार लाखांनी वाढवली, असं मला तेव्हा वाटलं.

‘असू शकेल’ का लिहिलं, त्यालाही कारण आहे. 1911 च्या रुपयाची गोष्ट नाणीवाल्यांना पाठ असते. पंचम जॉर्जच्या नावाचा हा पहिला रुपया. राजाचं चित्र बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराचं. राजाच्या अंगावर झगा, झग्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या किताबाची माळ आणि त्या माळेत एक हत्ती. हत्ती इतका बारीक उमटला की सोंड आखूड, पाय खुजे, आणि बघणाऱ्यांना त्यात डुक्कर दिसलं. मुसलमानांनी ओरड केली. सरकारने नाणं थांबवलं. कलकत्ता आणि मुंबई मिळून सुमारे 94 लाख रुपये पाडून झाले होते. त्यातले सात लाखांच्या आसपास बाहेर पडले, बाकीचे परत मुशीत गेले. 1912 पासून हत्तीला ठळक सोंड आली. संग्राहक या 1911 च्या नाण्याला सरळ ‘पिग रुपी’ म्हणतात. ज्या नाण्यामागे एवढं रामायण झालं, त्याच्या टांकसाळीत काही चाचण्या झाल्या असतील, एखादा तुकडा तांब्यावर मारून बघितला असेल, हे कुणालाही पटेल. मलाही पटलं. पटण्यासारखी गोष्ट तयार असली की डोळे आळशी होतात.

चाचणीचं नाणं म्हणजे काय

घरात तीन शब्द एकमेकांत मिसळले होते: पॅटर्न, ट्रायल आणि प्रूफ. भाव तिन्हींचा एकच समजला जात होता, म्हणून थोडं फोडून सांगावं लागलं.

पॅटर्न म्हणजे मंजुरीसाठी केलेलं नमुना नाणं. चित्र सुचवलं, ठसा कोरला, चार-दहा नग पाडून वरिष्ठांना दाखवले. पसंत पडलं तर चलनात येतं, नाहीतर ते नगच मागे उरतात. चौथ्या विल्यमच्या नावाचे 1834 चे कलकत्त्याचे नमुना रुपये असेच आहेत. ट्रायल म्हणजे ठशाची परीक्षा. ठसा नीट बसतोय का, अक्षरं भरतायत का, हे बघायला हाताशी असेल त्या धातूवर मारलेला तुकडा. कधी तो एकाच बाजूने छापलेला असतो, कधी शिशावर, कधी तांब्यावर. ठरलेला धातू सोडून दुसऱ्यावर मारलेल्याला आमच्यात ‘ऑफ-मेटल’ म्हणतात. प्रूफ ही वेगळीच जात: चकचकीत केलेल्या ठशांनी, पॉलिश केलेल्या चकतीवर, मुद्दाम देखणं पाडलेलं नाणं. आणि आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, रीस्ट्राइकचा. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळी जुने ठसे काढून संग्राहकांसाठी पुन्हा नाणी पाडून देत. विसाव्या शतकात बराच काळ हे चाललं. ठसा खरा, टांकसाळ खरी, पण काळ नंतरचा. अशा नाण्याला खोटं म्हणता येत नाही आणि जुनंही म्हणता येत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान असते. ती कळली की निम्मं काम होतं. चाचणीचा तुकडा ठसा ताजा असताना निघतो आणि बाजारात फिरत नाही. म्हणून तो चलनातल्या नाण्यापेक्षा ठसठशीत असायला हवा. ठशाची परीक्षा घ्यायची आणि ठसाच धड उमटलेला नाही, असं कसं चालेल? नंदगडच्या रुपयावर राजाची दाढी लोण्यासारखी गुळगुळीत होती. फोटोत मला ती झीज वाटली. झीज असली तरी प्रश्न उरतोच: टांकसाळीतला तुकडा झिजला कुणाच्या हातात?

हातात घेतल्यावर

पावसाने उघडीप दिली तेव्हा धाकटा मला गाडीवरून घेऊन गेला. सोप्यात तिघे भाऊ, समोर पाट, पाटावर स्टीलचा डबा, डब्यात कापूस, कापसात नाणं. थोरल्यांनी ते दोन बोटांत धरून माझ्या तळहातावर ठेवलं. जणू प्रसादच.

मी सोबत माझा 1912 चा चांदीचा रुपया नेला होता. पहिली परीक्षा आजीच्या काळातली: शहाबादी फरशीवर दोन्ही नाणी वाजवली. चांदीचा खणकन वाजून आवाज लांबवत गेला. तांब्याचा बद्द वाजला आणि तिथेच संपला. तांबं आणि चांदी वेगळी वाजणारच, त्यामुळे एवढ्यावरून काही म्हणता येत नव्हतं. पण पाडलेलं तांबं असं मडक्यासारखं वाजत नाही. ढब्बू पैसा वाजवून बघा.

मग दहापट भिंग. पाडलेल्या नाण्यावर अक्षर जमिनीतून, म्हणजे नाण्याच्या सपाट भागातून, ताठ उभं राहतं, त्याच्या पायथ्याशी धारदार कोन असतो. इथे प्रत्येक अक्षर पायथ्याशी पसरलं होतं, साबणावर उठलेल्या अक्षरासारखं. मोकळ्या जागेत बारीक पुरळ आणि मधूनमधून सुईच्या टोकाएवढे खड्डे. कडेचे कंगोरे काही ठिकाणी जवळजवळ, काही ठिकाणी लांब, आणि एका जागी कानशीने सारखे केलेले. राजाच्या डोक्याच्या बरोबर वर, कडेवर, वाटाण्याच्या डाळीएवढा खडबडीत डाग होता. तो डाग कशाचा, ते मला त्या दिवशी कळलं नाही. मी वहीत फक्त ‘डाग, बारा वाजता’ एवढंच लिहिलं.

कॅलिपरने माप घेतलं. माझा रुपया साडेतीस मिलिमीटरला पुरा. हा 30.1. पॉइंट चारचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ओतकामात तो बोलका असतो. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात वितळलेला धातू ओतला की थंड होताना तो आक्रसतो. तांब्याच्या जातीचे धातू शेकडा एक ते दोन इतके. टांकसाळीने त्याच कड्यात, म्हणजे ठसा मारताना चकतीभोवती असतं त्या रिंगणात, तांब्याची चकती ठेवून ठसा मारला असता, तर व्यास चांदीच्या रुपयाएवढाच निघाला असता. कारण व्यास ठरवतं ते कडं, धातू नाही.

मधले तोवर गप्प होते. ते म्हणाले, “मापात फरक हाय म्हणूनच ते येगळं हाय की वो सर. तेच तर म्हणतोय आम्ही.” याला चटकन उत्तर देता येईना. दुर्मीळ नाण्यांच्या बाबतीत हा अडसर नेहमीचा: प्रत्येक दोष हा वेगळेपणाचा पुरावा म्हणून पुढे करता येतो.

शहापुरातला काटा

नाणं भावांच्या नजरेआड जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून थोरले स्वतः ते घेऊन बेळगावला आले. शहापुरात माझ्या ओळखीचे एक सोनार आहेत. सत्तरी ओलांडलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. (शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. बेळगावच्या अंगणात असून दुसऱ्याच्या घरचं. इथल्या सराफ गल्ल्यांचा तोरा अजून तसाच आहे. पण हे विषयांतर झालं.)

घनता काढायची पद्धत सोपी आहे आणि नाण्याला ओरखडाही येत नाही. आधी कोरडं वजन: 9.36 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लोंबकळत धरलं. काटा दाखवतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. दोऱ्याला बुडबुडे चिकटले होते, ते मामांनी काडीने झटकले. आकडा थांबला 1.07 वर. 9.36 ला 1.07 ने भागलं की 8.75. माझ्या चांदीच्या रुपयाचं वजन 11.62, पाण्यात 1.12, म्हणजे 10.37. रुपयाची चांदी शेकडा 91.7 टक्के शुद्ध, तिची घनता हिशेबाने 10.34 येते. म्हणजे काटा आणि पद्धत दोन्ही ठीक होते.

शुद्ध तांबं 8.96. आपलं 8.75. दोन दशांशांच्या काट्यावर शतांशाचा फरक पडला तर उत्तर आठ-नऊ शतांश इकडंतिकडं होतं, हे धरूनही नाणं शुद्ध तांब्यापेक्षा हलकं ठरत होतं. एक तर धातूत भेसळ, नाहीतर आत पोकळ्या, किंवा दोन्ही. मामांनी ते उजेडात फिरवलं आणि म्हणाले, “ह्यात जस्त पडलंय सर. रंगच सांगतोय. आणि वरनं कधीतरी चांदीचं पाणी दिलेलं हाय, अक्षराच्या खोबणीत बघा की.” मी तीनदा भिंगातून बघितलं होतं. खोबणीतला करडा पट्टा मला मळ वाटला होता.

हॉलमार्किंग केंद्रात क्ष-किरणांच्या यंत्रावर धातू मोजून घेतला. तांबं 91 च्या आसपास, जस्त सहा, उरलेलं शिसं आणि कथील. खोबणीत यंत्र टेकवलं तिथे चांदी दाखवली. हे यंत्र वरचा थरच वाचतं, हे लक्षात ठेवायला हवं. पण चांदीचा मुलामा ही गोष्ट चाचणीच्या कथेत कुठेच बसत नव्हती. तांब्यावर ठसा तपासणाऱ्याला त्याला चांदीचं पाणी द्यायची गरज काय? त्यातून 1906 नंतर आपल्या टांकसाळींत पैसे शुद्ध तांब्याऐवजी ब्राँझचे पाडत. हाताशी असलेली चकती उचलली असती, तर त्यात जस्तापेक्षा कथील जास्त निघालं असतं.

परतताना थोरले गाडीत एवढंच म्हणाले, “पण साल तर 1911 हाय.”

सालाचा शेवटचा अंक

सालाकडे मी शेवटी वळलो. उलटा क्रम झाला. आधी तेच बघायला हवं होतं. टेबललॅम्प बंद केला, मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरला. 1911 मध्ये तीन एकडे आहेत. पहिले दोन ताठ. शेवटचा किंचित कलंडलेला, डोकं उजवीकडे, पाय डावीकडे. त्याच्या डाव्या खांद्याशी जमीन थोडी खोल आणि तिथे एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा. साताची आडवी दांडी खरवडून काढली की उरतो तो तिरका पाय. 1917 चं 1911 झालं होतं.

मग हत्ती बघितला. सपाट उजेडात तो डुक्करच होता. पण ओतीव नाण्यावर सगळंच बुजलेलं असतं, 1912 नंतरचा सोंडवाला हत्तीही त्यात डुक्कर दिसेल. आडव्या उजेडात सोंडेची खाली वळलेली कड जेमतेम दिसली. माझ्या 1912 च्या रुपयाशेजारी ठेवल्यावर वळण जुळलं. म्हणजे ज्या हत्तीवरून सगळी कथा उभी राहिली, तोच या नाण्यावर नव्हता.

आणि एक गोष्ट दिसली. ती बघून मी भिंग खाली ठेवलं. खरवडलेल्या जागेचा रंग बाकीच्या नाण्यासारखा काळपट नव्हता. गुलाबीसर होता, नुकत्या उघड्या पडलेल्या तांब्यासारखा.

निपाणीचा जोडीदार

एवढ्यावर मी लेखी मत द्यायला हरकत नव्हती. पण भिंगातून दिसलेली गोष्ट दुसऱ्याला पटवणं अवघड असतं. त्यात माझ्या ‘असू शकेल’चं ओझं होतं. मी टाळत राहिलो. दोन महिने गेले.

निपाणीला एका लग्नाला गेलो असताना जुन्या भांड्यांच्या दुकानात शिरलो. ही माझी खोड. घंगाळी, समया, मोडीतले तांबे, आणि एका बिस्किटाच्या डब्यात नाणी: भोकाचे पैसे, चवल्या, गोव्याचे तांग, आणि तळाशी रुपयाएवढी एक मळकट चकती. तिच्या कडेवर कडी होती, दोरा ओवायची. पंचम जॉर्ज. दुसऱ्या बाजूला 1917. दीडशे रुपये दिले.

घरी येऊन नंदगडच्या नाण्याचे मोठे फोटो शेजारी उघडले. राजाच्या गालावर, कानाच्या खाली, स्वल्पविरामासारखी एक खाच. दोन्हींवर. पालथ्या बाजूला ‘रुपी’ या इंग्रजी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर मोहरीएवढा उंचवटा. दोन्हींवर, त्याच जागी.

याचा अर्थ समजून घ्यायला हवा, कारण निकाल इथेच लागतो. एकाच ठशाने पाडलेल्या दोन नाण्यांवर ठशाचे दोष सारखे येतात. ठशाला तडा गेला तर दोन्हींवर तीच उंच रेघ दिसते. पण खाच ही ठशातून येत नाही. ती नाणं पडल्यावर, आपटल्यावर बसते. ती त्या एकाच नाण्याची खूण. दोन नाणी आयुष्यात त्याच जागी, त्याच आकाराची खाच खात नाहीत. तशी दिसली तर दोघांचा बाप एक: कुणीतरी गालावर खाच असलेला चांदीचा रुपया घेऊन त्याचा साचा काढला आणि ओतत गेला. मोहरीचा उंचवटा म्हणजे साच्यातला बुडबुडा. आणि माझ्या वहीतला ‘डाग, बारा वाजता’ म्हणजे मोडलेल्या कडीचं डाखकाम.

फसवण्यासाठी केलेली ती वस्तूच नव्हती. रुपयांची माळ घालायची हौस असलेल्या, पण तेवढी चांदी न परवडणाऱ्या बायकांसाठी सोनार-ओतारी अशा चकत्या करून, चांदीचं पाणी देऊन, ओवून देत.

निपाणीची चकती घेऊन मी पुन्हा नंदगडला गेलो. दोन्ही पाटावर शेजारी ठेवल्या, धाकट्याला टॉर्च धरायला सांगितला. मधले बराच वेळ बघत राहिले, मग उठून बाहेर गेले. चहा घेऊन थोरल्यांची बायको आली. ट्रे ठेवता ठेवता तिने कडीवाली चकती उचलली.

“ही आत्यांच्या माळेतली नव्हं?” ती म्हणाली. “तसलीच हाय. मी लग्न होऊन आले तवा ट्रंकेत होती की. पोरानं गळ्यात अडकवून घेतली म्हणून कड्या मीच मोडल्या. बाकीच्या कुठं गेल्या कुणास ठाऊक.”

थोरले म्हणाले, “मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“मला कुणी विचारलं?”

चौदा महिन्यांत तिघा भावांनी वकील, मी, इंटरनेटवरचे व्हिडिओ, सगळ्यांना विचारलं होतं. ट्रंक जिच्या ताब्यात, तिला विचारायचं राहिलं. मीही त्यांतलाच. पहिल्या दिवशी नाणं कुठे सापडलं हे मी विचारलं होतं, पण सोप्यात बसलेल्या पुरुषांना.

मिंट रोड आणि नऊ लाख

मग टांकसाळीची गोष्ट आली कुठून? आजोबा मुंबईच्या टांकसाळीत कामाला होते, असं घरात पक्कं समजलं जात होतं. कागद मागितल्यावर एक पोस्टकार्ड निघालं. आजीने आजोबांना लिहवून घेतलेलं, पत्ता ‘मिंट रोड, फोर्ट, मुंबई’. मिंट रोड हा टांकसाळीलगतचा रस्ता. त्या भागात पेढ्या, गोदामं, कचेऱ्या, आणि आपल्याकडून गेलेले कितीतरी लोक तिथे हमाली, शिपाईगिरी करत. रस्त्याच्या नावाची दोन पिढ्यांत नोकरी झाली. आजोबा खरंच टांकसाळीत असते तरी काही सिद्ध होत नव्हतं. तिथून नाणं किंवा ठसा बाहेर नेणं हा कायद्याने गुन्हाच होता. खरे नमुने बाहेर आले ते मंजुरीला पाठवलेले, अधिकाऱ्यांच्या संग्रहातले, आणि पुढे लिलावांच्या यादीत नोंद होत आलेले. नमुना नाण्याची किंमत निम्मी त्याच्या धातूत नसते, त्या नोंदीत असते.

नऊ लाखांचा उगम मात्र ताजा होता. मधल्यांनी एका व्हिडिओखालच्या नंबरवर फोटो पाठवला. ‘खरेदीदार’ दुबईचा, बोलणारा गोड हिंदीत. आधी नोंदणीचे 1,100, मग ‘रिझर्व्ह बँकेच्या सर्टिफिकेट’चे 6,500, मग कराचे म्हणून 11,000. एकूण 18,600 रुपये गेले होते आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मला त्यांनी गोठ्याशेजारी उभं राहून सांगितलं. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 लाच जाहीर केलंय की जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही, शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसं मागायला तिने कुणाला नेमलेलंही नाही. शिवाय शंभर वर्षांवरचं खरं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. ते कुणा खासगी माणसाला असं दुबईला पाठवताच येत नाही. म्हणजे वस्तू खरी असती तरी सौदा खोटाच होता. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितलं. त्यांनी केली. पैसे आले नाहीत.

लेखी मत

वकिलांसाठी एक पानी मत मराठीत लिहिलं, धाकट्याने त्याचं कन्नड करून घेतलं. ओतीव आहे, टांकसाळीत पाडलेलं नाही. मूळ साचा 1917 च्या रुपयाचा. धातू जस्तमिश्रित तांबं, वर चांदीचा मुलामा. कडी मोडलेली आहे, दागिन्यातली वस्तू. सालाचा शेवटचा अंक नंतर खरवडून बदललेला आहे. संग्राहकाच्या दृष्टीने मूल्य नाममात्र.

‘नंतर’ म्हणजे केव्हा, ते लिहिलं नाही. गुलाबी तांब्याबद्दल एक वाक्य लिहून खोडलं. वाटणीपत्रात ते वाक्य गेलं असतं तर घराची मधली भिंत दुप्पट जाडीची झाली असती. खरवडणारा तिघांपैकी एक असेल, पोरांपैकी कुणी असेल, व्हिडिओ बघून कुणीतरी फोटोपुरतं ‘जरा स्पष्ट’ करायला गेला असेल. प्रकरण पूर्ण लिहायचं म्हणून इथे नोंदवतो. तिथे नोंदवायला हवं होतं का, यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.

वाटणीपत्र नोंदलं गेलं. नाणं कुणाच्याच वाट्याला लिहिलेलं नाही. निघताना थोरले मला फाटकापर्यंत सोडायला आले. चकती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. ती काढून त्यांनी सालावर अंगठा फिरवला.

“सर, हे खरडलेलं जुनं हाय का अलीकडचं?”

“तांबं लवकर काळं पडतं,” मी म्हटलं. “सांगता येत नाही.”

ते काही बोलले नाहीत. अंगठा तसाच सालावर ठेवून त्यांनी एकदा घराकडे बघितलं, आणि धाकट्याने गाडी सुरू केली.